ठसठशीत स्लॅब-सेरिफला देवनागरीची जोड : एका टाइपची घडण

एका जुन्या मसाल्याच्या दुकानाच्या मालकांना नवी पाटी, वेष्टने आणि पिशव्या यांसाठी दुकानाचा स्वतःचा असा टाइप, म्हणजे एकाच वळणाचा अक्षरसंच, हवा होता. त्यांच्या आजोबांच्या काळातील एका पत्र्याच्या डब्यावर दुकानाचे इंग्रजी नाव जाड, सपाट पायांच्या रोमन अक्षरांत छापलेले होते. तेच वळण पुन्हा यावे आणि मराठी नाव त्याच्या शेजारी तितक्याच तोलाने उभे राहावे, अशी त्यांची मागणी होती. या मागणीचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटला. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाटीवर मराठी नाव देवनागरीत असणे, तसेच त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे सर्व दुकानांना बंधनकारक झाले. त्यानंतर लागलेल्या अनेक पाट्यांवर इंग्रजी नाव विचारपूर्वक घडवलेल्या अक्षरांत आणि मराठी नाव मात्र संगणकात आयत्या सापडलेल्या, ओढूनताणून जाड केलेल्या फॉन्टमध्ये दिसते. हे मला सतत खटकत आले आहे. म्हणून दोन्ही लिप्या एकाच वेळी, एकमेकींकडे पाहत घडवायच्या, असे मी सुरुवातीलाच मालकांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

या रोमन वळणाला स्लॅब-सेरिफ म्हणतात. रोमन अक्षराच्या दांड्याला वर आणि खाली जी आडवी टोके असतात, ती पुस्तकी टाइपमध्ये बारीक आणि निमुळती असतात. स्लॅब-सेरिफमध्ये ती जाड, सपाट पट्टीसारखी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधील छापखान्यांना सोडतींच्या आणि खेळांच्या जाहिरातींसाठी लांबून वाचता येणारी अक्षरे हवी होती, आणि पुस्तकाचा टाइप नुसता मोठा करून ती गरज भागत नव्हती, कारण त्यातील बारीक रेषा अंतरावरून दिसेनाशा होत. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या ओतशाळेने १८१० च्या दशकात ‘अँटिक’ या नावाने दाखवलेला टाइप या कुळातील पहिला छापील नमुना मानला जातो. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती. पुढे १८४५ साली लंडनच्याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ हा टाइप आणला. त्याची अक्षरे बेंजामिन फॉक्स यांनी कोरली होती आणि त्यात दांडा व पट्टी यांच्या सांध्यावर वक्र भराव होता, त्यामुळे तो ‘अँटिक’पेक्षा मऊ दिसतो. दरम्यान अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७-२८ च्या सुमारास लाकडी टाइप यंत्राने कोरण्यास सुरुवात केली होती, आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या यंत्राला पँटोग्राफ जोडल्यावर एकाच नमुन्यावरून लहानमोठ्या, अरुंद-रुंद आकारांची अक्षरे काढता येऊ लागली. शिशाचे वीतभर उंचीचे अक्षर जड आणि महाग पडे. लाकडाने ती अडचण दूर केली आणि स्लॅब-सेरिफ खऱ्या अर्थाने भिंतींवर पोचले.

डब्यावरचे अक्षर या परंपरेतले होते, परंतु ते टाइपने छापलेले नव्हते. पत्र्यावरील छपाई शिळाछापाच्या कुळातील असते आणि त्यासाठीची अक्षरे चित्रकार हाताने रेखाटत असत. तिथे नावापुरतीच मोजकी अक्षरे होती आणि त्यातही एकाच अक्षराची दोन रूपे थोडी वेगळी होती. त्यामुळे जुन्या टाइपची हुबेहूब नक्कल करण्याचा प्रश्न नव्हता. डब्यावरून मी फक्त दिशा घेतली, म्हणजे किती जाडी, किती रुंदी आणि सांध्यांचा किती करकरीतपणा एवढेच. आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जपलेल्या रॉब रॉय केली संग्रहातील लाकडी टाइपचे ठसे समोर ठेवून बाकीची अक्षरे नव्याने रेखाटली.

काम नेहमीप्रमाणे ‘एच’ आणि ‘ओ’ या दोन कॅपिटल अक्षरांपासून सुरू झाले, कारण सरळ दांडा आणि गोलाई यांचे नाते तिथे ठरते. अक्षर ज्या काल्पनिक चौरसात रेखाटतात त्याची उंची १००० एकके धरली, कॅपिटल अक्षरांची उंची ७०० ठेवली आणि दांड्याची जाडी १९०. पट्टीची जाडी ठरवताना मात्र बराच विचार करावा लागतो. जाहिरातीचे अक्षर म्हणजे सगळीकडे सारखे जाड, असा अनेकांचा समज असतो; परंतु मोजमापाने सारख्या असलेल्या आडव्या आणि उभ्या रेघांपैकी आडवी रेघ डोळ्याला अधिक जाड भासते. त्याशिवाय जागेचा साधा हिशेब असतो. रोमन ‘ई’मध्ये (E) तीन आडव्या रेघा असतात. त्या प्रत्येकी १९० केल्या, तर ७०० पैकी ५७० एकके काळ्यात जातात आणि दोन पोकळ्यांना प्रत्येकी ६५ उरतात, म्हणजे नुसत्या फटी. त्याच रेघा १२८ ठेवल्या की प्रत्येक पोकळीला १५८ मिळतात आणि अक्षर श्वास घेऊ लागते. मी १२८ वर थांबलो. अक्षराचा जाडपणा पांढऱ्या जागेवरून जाणवतो, हे या एका अक्षरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसत असेल, आणि पुढे देवनागरीचे जवळजवळ सगळे निर्णय मी याच हिशेबाने घेतले.

गोल अक्षरांना त्यांचे नेहमीचे नियम लावले. ‘ओ’ कॅपिटल रेषेच्या वर आणि तळरेषेच्या खाली १२ एकके बाहेर काढला, कारण तंतोतंत रेषेवर बसवलेले गोल अक्षर लहान दिसते. त्याची बाजूंची जाडी दांड्यापेक्षा थोडी अधिक, २०४ केली. ‘एच’च्या आतल्या बाजूच्या पट्ट्या बाहेरच्यांपेक्षा आखूड केल्या, नाहीतर त्या मध्ये जवळजवळ एकमेकींना भिडतात. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या मधल्या शिखरांना पट्टी दिलीच नाही. सर्वांत जास्त वेळ ‘एस’ने घेतला. त्याचा मधला तिरका कणा सर्वांत जाड, वरची-खालची गोलाई १२० च्या आसपास बारीक, दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या आणि वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा किंचित लहान, असे सगळे एकाच वक्रात सांभाळावे लागते. एक बिंदू सरकवला की दुसरीकडचा तोल जातो. कागदावर पेन्सिलीने मोठे रेखाटून, मग त्यावरून संगणकात वक्र बसवणे हीच या अक्षरासाठी खात्रीची वाट आहे, असे माझे मत आहे.

अक्षरांमधील अंतराबद्दल थोडक्यात सांगतो. मोठ्या आकारात वापरायच्या टाइपमध्ये अंतर घट्ट ठेवतात, आणि स्लॅब-सेरिफमध्ये ते शेजारच्या दोन पट्ट्यांमधील फटीवरून ठरते. ही फट सर्वत्र एकसारखी दिसेल असे अंतर मी ठेवले. ‘एल’नंतर ‘ए’ आला की मोठी मोकळी जागा पडते. लाकडी टाइपच्या काळात छापखान्यातली माणसे अशा ठिकाणी लाकूड करवतीने कापून अक्षरे जवळ आणत, आता तेच काम कर्निंगच्या, म्हणजे ठरावीक दोन अक्षरांमधील अंतर बदलण्याच्या, आकड्यांनी होते.

याच सुमारास एक प्रश्न निघाला की अक्षरांवर झिजेच्या खुणा, ओरखडे, अपुऱ्या शाईचे ठिपके घालावेत का, म्हणजे ती जुनी दिसतील. अशा फॉन्टची सध्या चलती आहे. मी त्याला ठाम नकार दिला. जुन्या छापखान्यातील कारागिराने अक्षर झिजू नये म्हणून कडक मेपल लाकूड निवडले, त्याच्या आडव्या कापावर, म्हणजे धाग्यांच्या टोकांवर अक्षर कोरले, प्रत्येक ठशावर शाई एकसारखी बसावी म्हणून कष्ट घेतले. त्याच्या अक्षरातील गुण त्याच्या प्रमाणात आणि पट्ट्यांच्या ठामपणात आहे. झीज ही त्या कामाला लागलेली इजा आहे. तिची नक्कल करून त्या काळाचा सन्मान होत नाही. शिवाय फॉन्टमधला ओरखडा प्रत्येक ‘ए’वर त्याच जागी येतो, आणि दोनदा आलेला तोच ओरखडा पाहणाऱ्याला लगेच कळतो.

आता देवनागरीकडे येतो. पहिला प्रश्न पायांचा होता. रोमन अक्षराच्या दांड्याला पट्टी असते, तर देवनागरीच्या दंडालाही खाली तशीच पट्टी द्यावी, म्हणजे दोन्ही जुळतील, हा विचार सहज सुचतो आणि तसे केलेले नमुने पाहायलाही मिळतात. मी म, न, प, ग ही अक्षरे पायांसह आणि पायांशिवाय अशी दोन्ही रूपांत काढून शब्द जुळवले. पाय दिलेल्या रूपात शब्दाच्या वर शिरोरेषेची काळी पट्टी आणि खाली तुटक तुटक दुसरी पट्टी तयार झाली आणि वाचणारी नजर या दोन्हींमध्ये विभागली गेली. देवनागरी शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो, रोमन शब्द तळरेषेवर उभा असतो. तळाशी पट्ट्या दिल्या की हा मूळ स्वभाव बिघडतो. दुसरी अडचण उकारांची. ‘गूळ’, ‘पुदिना’, ‘सुंठ’ अशा शब्दांत दंडाखाली उकार येतो, आणि पायाची पट्टी व उकार यांच्यामध्ये जागाच उरत नाही. म्हणून पाय नाहीत, हा निर्णय झाला.

मग रोमनशी नाते कशाने जुळणार? शिरोरेषा हीच देवनागरीची स्लॅब आहे, असे मला हे काम करताना पटले. ती अक्षराच्या दोन्ही बाजूंना दंडाच्या पलीकडे जाते, सपाट असते आणि सांधा करकरीत असतो. ‘अँटिक’मधील पट्टीचे सगळे गुण तिच्यात आधीच आहेत. उरलेले नाते मी अक्षरांच्या सुट्या टोकांवर जुळवले. ‘र’ची तिरकी शेपटी, ‘क’चा उजवा हात, ‘स’ आणि ‘त’ यांची डावी टोके ही सगळी निमुळती न करता सरळ कापून बोथट ठेवली. रोमन ‘एस’च्या टोकांना जी घट्ट समाप्ती आहे, तिचीच ही देवनागरी बहीण म्हणता येईल. जाडी-बारकाईची दिशा मात्र मी देवनागरीचीच ठेवली. बोरूच्या टोकाचा काप रोमन लेखणीच्या उलट असल्याने आपल्या अक्षरांत जाड रेघ उलट्या तिरक्यावर येते. रोमनची दिशा देवनागरीवर लादली की मराठी वाचकाला कारण सांगता आले नाही तरी अक्षर परके वाटते.

दंडाची जाडी रोमनइतकी, म्हणजे १९० ठेवता येत नव्हती, कारण देवनागरीच्या एका अक्षरात रेघा अधिक असतात. ‘ण’मध्ये तीन उभ्या रेघा आणि वर शिरोरेषा, ‘क्ष’ आणि ‘झ’ यांची तर आतली वळणेच दाट. दंड १६० आणि शिरोरेषा ११८ अशी मापे ठरवल्यावर, दोन्ही लिप्यांच्या ओळी डोळे किलकिले करून लांबून पाहिल्या असता करडेपणा सारखा वाटू लागला. आतल्या गाठी आणि वळणे दंडापेक्षाही बारीक केली आणि दाट अक्षरांना रुंदी दिली. जाड ब्रशने पाट्या रंगवणारे पेंटर हेच करतात. ते बाहेरची रेघ भरदार ठेवून आतली हलकी करतात, आणि त्यांच्या पाट्या रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात. या बाबतीत मी त्यांच्याकडून जे शिकलो ते कोणत्याही वर्गात शिकायला मिळाले नसते.

जाड देवनागरीतील खरा धोका मात्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातील फरक शिरोरेषेतील एका तुटीवर आणि छोट्या गाठीवर उभा असतो. अक्षर जाड होत गेले की ती तूट भरत जाते. माझ्यासमोर चाचणीसाठी दुकानातील मालाचीच यादी होती आणि तिने मला फार मदत केली, कारण ‘धणे’चे ‘घणे’ झाले किंवा ‘भाजणी’ची ‘माजणी’ झाली तर ते तिथल्या तिथे लक्षात येते. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ या तिन्ही अक्षरांत मी शिरोरेषा दंडाजवळ आणून थांबवली, तूट ७० एककांपेक्षा कमी होऊ दिली नाही आणि डावीकडची गाठ शिरोरेषेच्या पातळीच्या थोडी खाली उतरवली, त्यामुळे ती शिरोरेषेचा तुटलेला तुकडा वाटत नाही. ‘खसखस’ या शब्दात ‘ख’चे दोन भाग सुटून ‘रव’ असे वाचले जाण्याचा धोका असतो. तिथे ‘र’ची शेपटी पुढच्या भागाला खालून जोडून घेतली.

मराठीचे स्वतःचे आग्रहही सांभाळायचे होते. आपला ‘ल’ पाकळीचा असतो आणि ‘श’ देठाचा. हिंदीत या दोन्ही अक्षरांची रूपे निराळी चालतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी ही वळणे दिलेली आहेत. ‘लवंग’, ‘वेलची’, ‘शहाजिरे’ हे शब्द मराठी दुकानाच्या पाटीवर परक्या वळणात येणे मला योग्य वाटत नाही, म्हणून मराठी रूपे मूळ म्हणून ठेवली आणि हिंदी रूपे भाषेनुसार बदलणारी पर्यायी म्हणून दिली. ‘ळ’च्या दोन्ही पोकळ्या खुल्या राहाव्यात म्हणून त्याला सर्वांत अधिक रुंदी मिळाली. ‘मिऱ्या’ आणि ‘व्यापाऱ्यांसाठी’ या शब्दांतील ‘ऱ्य’मधला अर्धा ‘र’ जाड टाइपमध्ये फार वेळा दुर्लक्षित राहतो; तो बारीक आडव्या रेघेसारखा न ठेवता मी त्याला शिरोरेषेच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जाडी दिली.

जोडाक्षरांचे काम लांबते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ओपनटाइप या संगणकी फॉन्टच्या स्वरूपाच्या नियमांत अर्धी अक्षरे, रफार, रकार, खाली-वर येणाऱ्या खुणा यांची स्वतंत्र सोय असते. आकृती मात्र एकेक करूनच घडवाव्या लागतात. मसाल्याच्या वेष्टनावर ‘शुद्ध’ हा शब्द हमखास असतो, आणि त्यातील ‘द्ध’ हे जाड टाइपसाठी अवघड जोडाक्षर आहे, कारण ‘द’च्या पोटाखाली ‘ध’ बसवायचा असतो. हलन्त देऊन दोन्ही अक्षरे शेजारी ठेवण्याचा सोपा मार्ग होता, परंतु जुन्या मुंबई छापाची पुस्तके पाहत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ‘शुद्ध’ उभ्या जोडणीतच पूर्ण वाटतो. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथांतील किती दाट जोडाक्षरे किती स्वच्छ छापली हे पाहिलेल्या माणसाला ही जोडणी सोडवत नाही. मी ‘ध’ तळरेषेखाली मोकळेपणाने उतरू दिला आणि त्याच्या रेघा शंभर एककांच्या आत ठेवल्या.

उंचीचा प्रश्न पाटीवरच सुटला. इंग्रजी नाव पूर्ण कॅपिटलमध्ये असल्याने शिरोरेषेची वरची कड कॅपिटल अक्षरांच्या उंचीला, म्हणजे ७०० वर आणली. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार त्यावर आणि उकार तळाखाली. मराठी अक्षर लहान असू नये ही अट मूळ अक्षरातच पाळली जाते आणि मात्रा मोजून उंची भरून काढावी लागत नाही.

पाटी करणाऱ्या कारागिरांशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट बदलली. अक्षरे जाड पत्र्यासारख्या शीटमधून यंत्राने कापायची होती आणि कापणारे पाते तीन मिलिमीटर व्यासाचे, फिरते होते. फिरत्या पात्याला बाहेरचा कोपरा धारदार काढता येतो, आतला कोपरा मात्र पात्याच्या त्रिज्येइतका गोल राहतो. सर्वांत लहान अक्षर १२० मिलिमीटर उंचीचे होते. त्या मापात दीड मिलिमीटर म्हणजे जवळजवळ नऊ एकके होतात. मी दोन्ही लिप्यांतील सर्व आतले कोपरे नऊ एककांनी गोल केले, म्हणजे यंत्र जे करणारच होते ते रेखाटनातच नियमाने आले आणि कागदावर व पाटीवर अक्षर एकच राहिले. लाकडी टाइपच्या यंत्रातही फिरते पातेच होते आणि त्याने गोल राहिलेले आतले कोपरे कारागीर हाताने चाकूने साफ करीत. जुनेपणाची जी झाक या टाइपमध्ये आहे, ती या कोपऱ्यांतून आणि पट्ट्यांच्या मापांतून आलेली आहे, आणि मला तेवढीच हवी होती.

पाटी आता लागलेली आहे आणि वेष्टनांवरही हा टाइप छापला जातो. छोट्या पाकिटांसाठी त्याचे अरुंद रूप मालकांनी मागितले असून ते काम चालू आहे. रोमन अक्षरे अरुंद करणे तुलनेने सोपे गेले, कारण लाकडी टाइपमध्ये त्याची मोठी परंपरा आहे. देवनागरीत ‘क’, ‘फ’ आणि ‘ळ’ यांना अरुंद करताना दंड १३० पर्यंत उतरवावा लागतो आहे, आणि ‘ण’ व ‘क्ष’ यांना शेजारच्या अक्षरांपेक्षा थोडी अधिक रुंदी देण्यावाचून मार्ग दिसत नाही.